प्रस्तावाच्या विरोधात

नववीपर्यंत आम्ही ‘विज्ञान : शाप की वरदान’ यावरच तावातावाने बोलत आलो होतो. १९८८ च्या डिसेंबरात इतिहासाच्या सरांनी वादविवाद स्पर्धेचा विषय फळ्यावर लिहिला : ‘श्रीलंकेत भारतीय सैन्य पाठवणे योग्यच होते.’ बाजू चिठ्ठी उचलून ठरायची. माझ्या चिठ्ठीवर ‘विरोधात’ होतं. मला ते मुळीच आवडलं नाही. आपल्या सैन्याच्या विरोधात कसं बोलायचं, असं मी सरांना विचारलंही. ते म्हणाले, “आधी वाचून तर ये.”

वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे होते. मधल्या सुट्टीत मी ते सोडून बसायची. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. तमिळ बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवावीत आणि आपल्या शांतिसेनेने त्यावर देखरेख करावी, अशी योजना होती. पण सह्या दोन सरकारांच्या होत्या, ज्यांच्या हातात बंदुका होत्या त्यांची सही त्या कागदावर नव्हती. श्रीलंकेच्या उत्तरेकडच्या, तमिळ वस्तीच्या जाफन्यात सुरुवातीला आपल्या जवानांना हार घातले गेले. ऑक्टोबरात त्याच शहरात त्या बंडखोरांशीच त्यांची लढाई जुंपली. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून शिखांची एक तुकडी उतरली. तीस जणांतला एकच जिवंत राहिला. हे समजल्यावर मला चिठ्ठीची गरज उरली नाही. मी मनापासून विरोधात गेले होते.

भाषणाला पाच मिनिटं असत. चौथ्या मिनिटाला घंटेचा एक टोला, पाचव्याला दोन. शेवटच्या मिनिटात मी म्हणाले, “ज्या लढाईचं कारण लढणाऱ्यालाही ठाऊक नाही, तिच्यात गेलेले जीव वाया गेले!” सभागृहात टाळ्या पडल्या.

मग प्रश्नांची वेळ आली आणि मागच्या बाकावरचा आमच्याच वर्गातला एक मुलगा उभा राहिला. त्याच्या वडिलांची पत्रं ‘५६ एपीओ’ असा लष्करी टपालाचा पत्ता घेऊन येतात, एवढंच आम्हाला माहीत होतं. तो म्हणाला, “माझे बाबा तिथे आहेत. ते वाया चाललेत का?”

उत्तराला एक मिनिट होतं. ते संपल्याचे दोन टोले पडेपर्यंत मी नुसती उभी होते. पहिलं बक्षीस मला मिळालं. ते घेऊन मंचावरून खाली उतरताना मला त्याच्याकडे बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. “तू सैनिकांबद्दल बोलत होतीस की त्यांना पाठवणाऱ्यांबद्दल?” मी म्हटलं, पाठवणाऱ्यांबद्दल. “मग त्या वाक्यात मेलेला सैनिक कशाला आणलास?” बाकी काही बोलले नाहीत. पुढे युद्धावरच्या कितीतरी चर्चा ऐकल्या. बाजू कुठलीही असो, बोलणारा जवानाचं नाव घेऊ लागला की मला सरांचा हा प्रश्न ऐकू येतो.

पुढच्या वर्षी, बांगलादेश विजयाच्या दिवशी, सरांनी विषय दिला : ‘१९७१ चा भारताचा लष्करी हस्तक्षेप नैतिक होता.’ या वेळी चिठ्ठ्या नव्हत्या. मला बाजूने आणि त्या मुलाला विरोधात, हे सरांनीच ठरवलं. सैनिकाच्या मुलाला हे बोलायला लावणं काहींना खटकलं. तो मात्र तयार झाला, आणि काय बोलला! दुसऱ्या देशावर बळ वापरायला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची मनाई आहे, ७ डिसेंबर १९७१ ला महासभेत १०४ देशांनी युद्धबंदीच्या बाजूने मत दिलं आणि आपल्या बाजूला अकराच उरले, हे त्याने शांतपणे मांडलं. मग विचारलं, “आमचं कारण न्याय्य आहे असं आज आपण म्हणतो. उद्या एखादं बलाढ्य राष्ट्र हेच म्हणत आपल्या दारात उभं राहिलं तर?” माझ्याकडे २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात सुरू केलेला संहार होता, एक कोटी निर्वासित होते, ३ डिसेंबरला आपल्या विमानतळांवर पडलेले बॉम्ब होते. बक्षीस त्याला मिळालं. रास्तच मिळालं. तरी माझी बाजू खरी होती असं मी आजही मानते.

त्या दोन स्पर्धांनी माझ्यापुढे एक कोडं टाकलं. कागद पाहिले तर १९८७ चं जाणं अधिक स्वच्छ होतं, कारण यजमान राष्ट्राध्यक्षांचीच सही होती. १९७१ मध्ये जगाचं मत आपल्या विरुद्ध होतं. मग १९७१ चा अभिमान का वाटतो आणि १९८७ चं ओझं का? मला सापडलेला फरक असा, की बंगाली जनतेने पाकिस्तानच्या १९७० च्या निवडणुकीत कौल दिला होता, तिचं स्वतःचं हंगामी सरकार होतं, स्वातंत्र्यासाठी लढणारी मुक्तिवाहिनी होती. जाफन्यातल्या माणसांना कुणी विचारलंच नव्हतं. शिवाय बांगलादेशातून आपलं सैन्य मार्च १९७२ मध्येच परतलं. श्रीलंकेत ते जवळजवळ पावणेतीन वर्षं राहिलं, तिथले नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा ‘आता जा’ म्हणाले तरीही काही महिने राहिलं, आणि सुमारे १,२०० जवान गमावून आलं. व्हिएतनामने कंबोडियात शिरून पोल पॉटची नरसंहारी राजवट संपवली, त्याबद्दल मी त्यांना मनोमन हात जोडते, पण तेही तिथे दहा वर्षं राहिले.

जाफन्याच्या रुग्णालयात ऑक्टोबर १९८७ मध्ये आपल्या जवानांच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मारले गेल्याच्या साक्षी मी खूप नंतर वाचल्या. त्या रात्री झोप लागली नाही. हा देश माझा नसता तर कदाचित लागली असती.

शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला परतली. मद्रासच्या बंदरावर तिच्या स्वागताला राज्याचे मुख्यमंत्री गेले नाहीत. जूनमध्ये गुणपत्रिका घ्यायला आम्ही शाळेत आलो तेव्हा त्या मुलासोबत त्याचे बाबा होते, उन्हाने रापलेले, कमी बोलणारे. त्याने माझी ओळख करून दिली, “हीच ती, विरोधात बोललेली.” मी त्यांची माफी मागितली. काय बोलले होते ते त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मी शब्दन् शब्द सांगितला. ते थोडा वेळ व्हरांड्याबाहेर मैदानाकडे पाहत राहिले.

“आमच्या चौकीवर रात्री हाच विषय असायचा, बाळ,” ते म्हणाले. “घंटा द्यायला मात्र कुणी नसायचं.”