रेषेखाली काय आहे?

विद्यापीठाच्या दिव्यांग विद्यार्थी सहाय्य कक्षात समन्वयक म्हणून काम करताना सत्रांत परीक्षेचे दिवस सर्वांत धावपळीचे असतात. बाहेरून पाहणाऱ्याला या कामात दोनच गोष्टी दिसतात, लेखनिक आणि वाढीव वेळ. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये परीक्षा पद्धतीतील बदलांची उदाहरणे म्हणून या दोन्हींचा उल्लेख आहे, आणि केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार परीक्षेच्या दर तासामागे किमान २० मिनिटे वाढवून द्यावी लागतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. एवढे दिले की काम संपले, अशी समजूत परीक्षा यंत्रणेत खोलवर रुजलेली आहे. अर्थशास्त्राच्या तृतीय वर्षातील एका अंध विद्यार्थिनीच्या संख्याशास्त्राच्या पेपरला ही समजूत किती अपुरी आहे, ते मी फार जवळून पाहिले.

ही विद्यार्थिनी जन्मांध. संगणकावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीए या मोफत प्रणालीच्या मदतीने तिने सगळी पाठ्यपुस्तके ऐकून काढली होती. सूत्रे मात्र तिने ब्रेलमध्ये स्वतः उतरवून घेतली होती, कारण सूत्र कानाने समजले तरी त्याची मांडणी बोटांखाली आल्याशिवाय पक्की होत नाही, असे ती नेहमी सांगत असे. तिचा लेखनिक द्वितीय वर्षाचा विद्यार्थी होता. उमेदवाराने स्वतः लेखनिक आणायचा असेल तर तो शिक्षणाने एक पायरी खाली असावा, असा २०१८ च्या त्या सूचनांचा नियम होता आणि उत्तर उमेदवाराचेच राहावे हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. आधीच्या सत्रांत या दोघांनी बरोबर पेपर दिले होते आणि सूत्र कसे वाचायचे, कंस कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे कसे सांगायचे, याची त्यांची आपापसांत एक पद्धत ठरून गेली होती. पेपरच्या दिवशी सकाळी त्या मुलाच्या घरून फोन आला की त्याला रात्रीपासून सडकून ताप आहे आणि तो उठूही शकत नाही.

आयत्या वेळी लेखनिक बदलण्याची मुभा त्या मार्गदर्शक सूचनांमध्येच होती, त्यामुळे परवानगीची अडचण नव्हती. अडचण होती ती माणसाची. राखीव यादीतील जो मुलगा वेळेत पोहोचू शकला, तो मराठी साहित्याचा प्रथम वर्षाचा विद्यार्थी होता. अक्षर सुरेख, वाचन स्पष्ट आणि कामाबद्दल मनापासून आस्था. लेखनिकाची आणि उमेदवाराची भेट परीक्षेच्या दोन दिवस आधी व्हावी, असे त्या सूचना सांगत. या दोघांना पाऊण तासही मिळाला नाही. तेवढ्या वेळात तिने त्याला आपला वेग, परिच्छेद कुठे पाडायचा आणि आकडे सुटे कसे सांगायचे एवढे समजावून दिले. ब्रेल पाटी, टोचणी आणि बोलणारे गणकयंत्र टेबलावर मांडून ती तयार झाली. तळमजल्यावरची स्वतंत्र खोली, एक पर्यवेक्षक आणि ते दोघे, अशी व्यवस्था होती.

पहिला प्रश्न वर्णनात्मक होता आणि तो सुरळीत पार पडला. दुसऱ्या प्रश्नात नमुन्याचे प्रचरण, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचे माप, काढण्याचे सूत्र छापलेले होते आणि खाली दिलेल्या आकडेवारीवर ते वापरायचे होते. त्या मुलाने बेरीज दर्शवणारे सिग्मा हे चिन्ह आयुष्यात कधी पाहिलेले नव्हते. तो प्रामाणिकपणे जे दिसते ते वाचू लागला: “इंग्रजी ई अक्षरासारखं काहीतरी मोठं, मग एक्स वजा एक्स, दुसऱ्या एक्सवर रेघ, वर लहान दोन, भागिले एन वजा एक.” ती थांबली आणि तिने विचारले, “वरचा दोन कंसाच्या बाहेर आहे का? आणि रेषेखाली काय काय आहे?”

या प्रश्नाचे महत्त्व दोन आकड्यांत कळते. अंशस्थानी ४८ आणि एन म्हणजे ९ असे धरले आणि ‘एन वजा एक’ हे सगळे रेषेखाली असले, तर ४८ ला ८ ने भागून उत्तर ६ येते. रेषेखाली फक्त एन असेल आणि ‘वजा एक’ बाहेर असेल, तर उत्तर ४.३३ येते. तोंडी वाचताना मात्र दोन्ही सूत्रे ‘अठ्ठेचाळीस भागिले नऊ वजा एक’ अशीच ऐकू येतात. डोळस विद्यार्थ्याला रेषेची लांबी पाहताच जे कळते, ते कानाने ऐकणाऱ्याला कोणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही.

पर्यवेक्षकांनी त्या क्षणी दोघांना थांबवले आणि शिपायाकरवी मला बोलावून घेतले. “मॅडम, हे वाचन नाही, ही चर्चा आहे. उद्या कोणी हरकत घेतली तर उत्तर मला द्यावं लागेल,” असे ते म्हणाले. त्यांचा आक्षेप मला अजिबात आडमुठेपणाचा वाटला नाही. लेखनिकाच्या नावाखाली गैरप्रकार झाल्याच्या बातम्या सर्वांनीच वाचलेल्या असतात, आणि बंद खोलीत दोन व्यक्ती सूत्राबद्दल बोलत असतील तर मदत कुठे संपते आणि उत्तर कुठे सुरू होते, हे ठरवणे त्यांच्यासारख्या दक्ष माणसाला अवघड जाणारच. मी त्यांना सांगितले की चिन्हाचा आकार आणि त्याची जागा हा प्रश्नपत्रिकेचाच भाग आहे, उत्तराचा नाही. तो इतर सर्व परीक्षार्थींना छापील स्वरूपात आधीच मिळालेला आहे. त्यावर ती विद्यार्थिनी शांतपणे म्हणाली, “सर, मला कशाचाही अर्थ सांगू नका. कागदावर काय कुठे आहे, तेवढंच कळू द्या.” माझ्या लांबलचक युक्तिवादापेक्षा तिच्या या दोन वाक्यांचा त्यांच्यावर अधिक परिणाम झाला, असे मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले.

तरीही निर्णय अधिकारी व्यक्तीकडूनच आला पाहिजे, हा त्यांचा आग्रह योग्य होता. केंद्रप्रमुखांच्या कार्यालयातून परीक्षा नियंत्रकांशी बोलणे झाले आणि तीन गोष्टी ठरल्या. लेखनिकाने चिन्हाचा आकार आणि स्थान सांगावे, त्याचे नाव किंवा उपयोग सांगू नये; खोलीतील सर्व संभाषण ध्वनिमुद्रित व्हावे; आणि या खोळंब्यात गेलेला वेळ वाढीव तासाव्यतिरिक्त भरून द्यावा. पर्यवेक्षकांनी घड्याळ पाहून थांबल्याची आणि पुन्हा सुरू केल्याची वेळ अहवालात लिहिली. शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, पण मी दरवेळी तिच्यासाठी भांडते. वाढीव वेळ विद्यार्थ्याच्या अडथळ्यासाठी असतो; व्यवस्थेच्या गोंधळाची भरपाई त्यातून करून घेणे हा सरळ अन्याय आहे.

गणित बोलून कसे दाखवायचे हा प्रश्न काही नवा नाही. गणिताच्या ब्रेलसाठी १९५२ मध्ये स्वतःची संहिता प्रसिद्ध करणारे अंध गणितज्ञ अब्राहम नेमेथ यांनी डोळस वाचकाकडून गणित अचूक वाचून घेण्यासाठी बोलण्याची एक नेमकी पद्धतही घडवली होती, ज्यात अपूर्णांक कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे शब्दांत सांगितले जाते. पुण्यात वाढलेले आणि किशोरवयात दृष्टी गमावलेले टी. व्ही. रामन यांनी कॉर्नेल विद्यापीठात १९९४ मध्ये पूर्ण केलेले पीएच.डी.चे संशोधन तर गणिती मजकूर संगणकाकडून ऐकवण्याच्या प्रणालीवरच होते. एवढे सगळे उपलब्ध असताना आमच्या परीक्षा केंद्रांवर सूत्रवाचनाची एका पानाचीही सूचना नसावी, याची खंत मला त्या दिवशी फार तीव्रतेने जाणवली.

ती खोली मार्गी लागल्यावर मी मुख्य सभागृहाकडे गेले, कारण तिथेही आमच्या कक्षाचे विद्यार्थी होते. दुसऱ्या एका विषयाच्या प्रश्नपत्रिकेत दुरुस्ती आली होती आणि ती मोठ्याने जाहीर केली जात होती. तिसऱ्या रांगेतील कर्णबधिर विद्यार्थी मान खाली घालून लिहीत होता. अशी दुरुस्ती फळ्यावर आणि चिठ्ठीवर लिहून द्यावी, ही विनंती आम्ही केंद्राला आधीच केलेली होती आणि एका तरुण पर्यवेक्षिकेने ती लक्षात ठेवून त्याच्या बाकावर चिठ्ठी नेऊन ठेवली, हे पाहून समाधान वाटले. शेजारच्या खोलीत लिहिताना हाताला पेटके येणारा एक विद्यार्थी लेखनिकाला उत्तर सांगत होता. त्याचे दिव्यांगत्व कायद्यातील किमान ४० टक्क्यांच्या निकषात बसत नाही. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निकाल दिला नसता, तर त्याचा अर्ज बहुधा पहिल्या टेबलावरच अडला असता. लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही, असे त्या निकालाने स्पष्ट केले.

परत येईतो संख्याशास्त्राच्या खोलीत नवा प्रश्न उभा होता. “सोबतच्या आयतालेखाचे निरीक्षण करून बहुलक काढा,” असा आठ गुणांचा अनिवार्य प्रश्न होता. आयतालेख म्हणजे आकडेवारी उभ्या आयतांच्या उंचीने दाखवणारा आलेख आणि बहुलक म्हणजे सर्वाधिक वेळा येणारी किंमत. दृश्य स्वरूपाच्या प्रश्नाऐवजी दृष्टिबाधित विद्यार्थ्यांना पर्यायी प्रश्न द्यावा, हे धोरण जुनेच आहे; मार्गदर्शक सूचनांतही त्याचा उल्लेख येतो. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अंध परीक्षार्थी आलाच नव्हता, हे उघड होते. पुन्हा फोन, पुन्हा प्रतीक्षा, पुन्हा घड्याळाची नोंद. विषयतज्ज्ञांनी अखेर आयतालेखामागची वारंवारता सारणी वाचून देण्यास मान्यता दिली. लेखनिकाने वर्ग आणि वारंवारता एकेक करून सांगितल्या, तिने त्या ब्रेल पाटीवर टोचून घेतल्या आणि मग कागद उलटून बोटांनी वाचत सूत्राने बहुलक काढला. डोळस विद्यार्थ्याने सर्वांत उंच आयतावर दोन-तीन रेघा मारून जे उत्तर मिळवले असते, त्यासाठी तिला संपूर्ण आकडेमोड करावी लागली. गुण मात्र दोघांना सारखेच आठ. आयत्या वेळी शोधलेली सोय ही समान संधी असतेच असे नाही, हे मी अहवालात वेगळे नमूद केले.

शेवटची काही मिनिटे तिने राखून ठेवली होती. तिने लेखनिकाला संपूर्ण उत्तरपत्रिका पहिल्या पानापासून वाचायला सांगितली, आणि तीही विरामचिन्हांसह. प्रचरणाच्या उत्तराशी आल्यावर तिने त्याला विचारले, “तू मारलेली आडवी रेघ कुठपर्यंत आली आहे?” त्याने कागद जवळ घेऊन पाहिले. रेघ एनपाशीच संपली होती आणि ‘वजा एक’ तिच्या बाहेर पडले होते. तिने तोंडी सांगितलेले अगदी बरोबर होते, पुढची आकडेमोडही बरोबर होती, पण कागदावरचे सूत्र चुकीचे उतरले होते आणि परीक्षकाला दिसणार होते ते कागदावरचेच. त्याने रेघ लांबवली. पर्यवेक्षक हे सगळे जवळ उभे राहून पाहत होते, ते मला दाराशी येऊन म्हणाले, “आता मला कळलं, सकाळी ती काय विचारत होती ते.”

पेपरनंतर त्या मुलाने मला विचारले की हे सूत्रांचे वाचन कोणी शिकवते का, कारण राखीव यादीत नाव ठेवायचे तर ते यायलाच हवे. तिनेच त्याला शिकवायची तयारी दाखवली. पुढच्या आठवड्यात दोघे आमच्या कक्षात बसले आणि मूळ लेखनिकही त्यांत सामील झाला. त्यांनी मिळून जे लिहून काढले, त्यात ‘रेषेवर’, ‘रेषेखाली’, ‘रेषा संपली’, ‘कंस सुरू’, ‘कंस पूर्ण’, ‘वर लहान’, ‘खाली लहान’ असे साधे शब्द आहेत आणि नेहमी येणाऱ्या चिन्हांचे उच्चार आहेत. संख्याशास्त्र विभागाने ते तपासून दिले. परीक्षा विभागाने त्याला मान्यता दिली असून आता गणिती विषयांच्या प्रत्येक लेखनिकाला ते परीक्षेआधी दिले जाते आणि पर्यवेक्षकांच्या पाकिटातही त्याची प्रत असते, जेणेकरून काय विचारणे वाचनात मोडते याबद्दल वाद उरू नये.

आलेखांचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. प्रश्नपत्रिका काढतानाच दृश्य प्रश्नाला पर्याय लिहून मोहोरबंद पाकिटात द्यावा, ही आमची मागणी विषयनिहाय अभ्यासमंडळांकडे गेली आहे. काही मंडळांनी ती स्वीकारली आहे, काहींचे म्हणणे आहे की असे विद्यार्थी फारच थोडे असतात. त्यांना मी प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला, त्यांच्या विषयाला त्या वर्षी कोण बसणार आहे याची यादी जोडून, तीच मागणी पुन्हा पाठवते.