‘मोठ्याने वाच’

लंडनमधल्या एका हिमोफिलिया क्लिनिकमध्ये मी नर्स आहे. हिमोफिलिया म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार. २० मे २०२४ च्या सोमवारी आमचे बरेचसे जुने पेशंट वेस्टमिन्स्टरच्या सेंट्रल हॉलला गेले होते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ब्रिटनमध्ये पेशंटना दूषित रक्त आणि त्यापासूनची औषधं दिली गेली, त्याच्या चौकशीचा निवृत्त न्यायाधीश सर ब्रायन लँगस्टाफ यांचा अहवाल तिथे जाहीर व्हायचा होता.

साठीतले एक गृहस्थ मात्र ठरल्या वेळी हजर. ‘चारचौघांत रडायचं नाहीये मला,’ म्हणाले. गुडघे पार कामातून गेलेले, दोन्ही हातांत काठ्या. त्यांच्या लहानपणी फॅक्टर-८ ची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची, पावडर घरी मिळू लागली तेव्हा आई हरखून गेली होती म्हणे. दर वेळी दवाखान्यात धावायला नको. ती पावडर हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनायची. बरीचशी अमेरिकेतून यायची आणि तिथे पैसे देऊन, अगदी कैद्यांकडूनही, प्लाझ्मा घेत. एक दाता बाधित निघाला की अख्खा घाणा नासला. यांना हिपॅटायटिस सी हा यकृताचा आजार झाला, धाकट्या भावाला एचआयव्ही. भाऊ गेला.

त्यांच्या औषधाच्या खोक्यावरचं बॅच नंबरचं स्टिकर सोलून मी फाइलला लावू लागले. ‘मोठ्याने वाच.’ मी वाचलं, त्यांनी वहीत उतरवून घेतलं, एक्सपायरीसकट. आताचा त्यांचा फॅक्टर माणसाच्या रक्तापासून बनतच नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तरी दर खेपेला हेच. नव्या नर्सना वैताग येतो. मी म्हणते, लिहू दे.

दुपारी अहवाल आला. ३०,००० हून जास्त लोक बाधित, सुमारे ३,००० मृत्यू, आणि हा अपघात नव्हता असा स्पष्ट निष्कर्ष. संध्याकाळी तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी संसदेत माफी मागितली. आमच्या चहाच्या खोलीत मात्र बोलणं अडलं ते एकाच गोष्टीवर: डॉक्टरांनी पेशंटना न विचारता तपासण्या केल्या, आणि निकाल कित्येकांना वेळेवर सांगितलेच नाहीत. हॅम्पशरच्या ट्रेलोर शाळेतल्या हिमोफिलियाच्या मुलांवर तर संशोधन चाललं होतं. त्यांतली बहुतेक आज हयात नाहीत. औषध वाईट निघालं, हे एक वेळ समजू शकते मी. पण ठाऊक असून गप्प बसणं?

दुसऱ्या दिवशी फोन थांबेनात. एका बाईंना ऐंशीच्या दशकात बाळंतपणात रक्त चढवलं होतं. हिपॅटायटिस सी च्या तपासणीचं किट घरपोच, फुकट मिळतं, असं मी सांगितलं.

‘आणि निकाल? तो मला सांगणार ना?’

‘थेट तुम्हालाच,’ मी म्हटलं, आणि किट कसं मागवायचं ते सांगायला घेतलं.