चाल पाहणारी माणसं

परवा आर्वीकडे एका लग्नात जेवणं झाल्यावर कूलरसमोरची खुर्ची पकडून बसले होते, तेवढ्यात नवरदेव स्टेजकडे निघाला. सगळे त्याचा फेटा बघत होते आणि माझं लक्ष गेलं पायांकडे. डावा पाय जरा बाहेर फेकतो, गुडघा सैल आहे. जाऊबाईंनी विचारलंच, "काय एवढं पाहून राहिली वं?" म्हटलं, शेरवानी छान आहे.

ही खोड मामा-मामीची. त्यांच्याकडे उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढलेल्या माणसानं बैल काय, कुत्रं काय, नवरदेव काय, आधी समोरून येताना बघायचा, मग पाठमोरा जाताना बघायचा, तोंडाचं मग पाहू.

मामाचं गाव त्याच पट्ट्यात, गवळाऊ जनावरांच्या मुलखात. पांढरीशुभ्र, अंगानं काटक, चालायला चपळ जनावरं, मामीच्या माहेरी तीच होती कोठ्यात. मामी सांगते की तिनं आयुष्यातलं पहिलं बक्षीस तान्ह्या पोळ्यात मारलं. लाकडाचा बैल, झूल स्वतः शिवलेली, आणि दुसऱ्या पोट्ट्यांचे बैल उंच होते तरी नंबर हिचाच आला, कारण हिनं बैलाच्या खुरांनाही रंग दिला होता. मामा तिकडे पटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा नादी. २०१४ ला कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा तो घरात सुतक असल्यासारखा बसला, २०२३ ला परत परवानगी पक्की झाली तोवर त्याचे गुडघे गेले होते. पण पट बंद पडण्याच्या कितीतरी आधीच या घरात कुत्रे आले होते.

तेही कोणते, तर डॅशहंड. चार बोटं पाय आणि हातभर पाठ. जनावरांच्या डॉक्टरांनी नागपूरहून आणून दिलं पहिलं पिल्लू. पारावरचे म्हातारे येऊन बघून गेले, "हे काय होय बाप्पा, मुंगूस होय का कुत्रं?" जर्मनीत बिळात शिरून बॅजर बाहेर काढायला ही जात तयार केली म्हणतात, इथं बॅजर कुठून आणायचा, त्यानं कोठ्याच्या भिंतीतली घूस काढली आणि गावात त्याची पत वाढली. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीत पोट घासत यायचं आणि मामी दारातच बादली घेऊन उभी.

मग कागद आले. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचा दाखला, त्यात बापाचं नाव, आईचं नाव, आजा, आजी, पणजा, सगळे. कुत्र्याचं दाखल्यावरचं नाव इतकं लांब की हाक मारेपर्यंत ते शेतातून परत यायचं, म्हणून घरात तो नुसता बंड्या. मामा तो कागद सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवायचा. आमच्याच घराण्यात खापरपणज्याचं नाव विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, आणि बंड्याची आजी कोण हे मामीला तोंडपाठ.

हे कागद असले की कुत्र्यांच्या शोमध्ये जाता येतं. तिथं लहान कुत्र्याला टेबलावर उभं करतात, जज हातानं चाचपून बघतो, पाठ, छाती, दात, आणि नर असला तर आणखी एक गोष्ट मोजतो, ते बघून पहिल्या खेपेला मामी पदर तोंडाला लावून हसत सुटली होती म्हणे. पण टेबलावर स्थिर उभं राहायची सवय घरूनच लावावी लागते आणि घरात त्या उंचीचं काहीच नव्हतं. सत्यनारायणाचा चौरंग होता. मामानं तो ढेपेच्या दोन पोत्यांवर ठेवला आणि बंड्याला वर चढवलं. मामी देवघरातून बाहेर आली. पुढचं भांडण मी माठाच्या मागं बसून पूर्ण ऐकलंय. शेवटी नवा चौरंग आला, पण तो देवाला, जुना बंड्याकडेच राहिला.

दात बघायचं काम मामाचे वडील करायचे. बाजारात बैलाचे ओठ वर करून दोन दाती, चार दाती सांगणारा माणूस. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, त्यामुळे बंड्याचं तोंड उघडल्यावर आजोबा खूश, "याले तं वरतंही हायेत!" वरचे दात खालच्या दातांना अगदी चाटून पुढे यायला पाहिजेत, कात्रीसारखे, हे त्यांना दोन मिनिटांत समजलं. पुढे ते घरी येणाऱ्या कोणत्याही पोराचं तोंड त्याच नजरेनं बघायचे.

थंडीतच शो असायचे. रिंगमध्ये कुत्र्याला पळवून जजला चाल दाखवायला मामी. मामा उंच पडायचा, त्याच्याशेजारी कुत्रं आणखीच बुटकं दिसतं म्हणे. नऊवारी नाही, साधी पाचवारी खोचून, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, बाजूला शहरातले हँडलर कोटबिट घालून, आणि ही बंड्याशी खालच्या आवाजात वऱ्हाडीत बोलत पळायची. जिंकलेल्या रिबिनी खुंटीला, बैलांच्या घुंगुरमाळेशेजारी.

मला स्वतःला शोचं फारसं कौतुक नाही, खरं सांगते. एवढी लांब पाठ माणसानंच करून ठेवली आणि मग तिच्या मणक्याची गादी सरकते म्हणून माणसानंच जपत बसायचं. ओट्यावरून उडी नको, बाजेवर चढणं नको, वजन वाढू द्यायचं नाही. मामानं ओट्याला मुरमाचा उतार करून घेतला, गावात लोकांना वाटलं म्हातारपणाची तयारी. मी हे मामीला म्हटलं तर ती म्हणाली, "बरोबर हाय तुह्यं, पण आता झालं ना जनावर तयार, मंग त्याले पाह्यन कोण?" आणि बाहेर गावठी कुत्र्यांना भाकर टाकायला गेली. त्यांचे कागद नाहीत, पण नावं सगळ्यांची आहेत, आणि त्यातल्या एकीची चाल बंड्यापेक्षा सरस आहे असं मामी नेहमी म्हणते, हळू आवाजात, मामाला ऐकू जाऊ नये म्हणून.

बंड्यानंतर त्याच घराण्यातले आणखी आले, गेले. आता एक म्हातारी कुत्री आहे, तोंड पांढरं झालेलं. मागच्या दिवाळीत मामाला विचारलं, नवीन पिल्लू कधी? तो सुपारी कातरत होता. म्हणाला, ही जात बारा-चौदा वर्षं जगते. मग थांबला. मी त्याचं वय मनात धरलं, त्यात चौदा मिळवले, आणि काही बोलले नाही.

मामी आतून चहा घेऊन आली, कप माझ्या हातात दिला आणि विचारलं, "तुमच्या नव्या घराले आंगण केवढं हाय वं?"