होल्डवरचे पैसे आपोआप परत येत नाहीत

ऑनलाइन फसवणुकीत खात्यातून पैसे गेले की बहुतेक जण आधी फसवणाऱ्यालाच पुन्हापुन्हा फोन लावतात, मग बँकेची शाखा उघडायची वाट बघतात. तोवर पैसा तिसऱ्याच माणसांच्या नावावरच्या तीन-चार भाड्याच्या खात्यांतून फिरून एटीएममधून निघालेला असतो. म्हणून पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. लागत नसेल तर लावत राहा आणि तेवढ्यात घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरायला बसवा. रक्कम किती लहान आहे, हा विचार नको.

तक्रारीचा जीव असतो यूटीआर क्रमांकात, म्हणजे बँका ज्यावरून व्यवहार ओळखतात त्या क्रमांकात. यूपीआयचा हा क्रमांक १२ अंकी. गुगल पेमध्ये व्यवहार उघडलात की दोन क्रमांक दिसतात: एक नुसता अंकांचा, दुसरा अक्षरं-अंक मिसळलेला. दुसरा गुगलचा स्वतःचा आहे, बँकेला त्याचा उपयोग नाही. फोनपेमध्येही वर ‘टी’ने सुरू होणारा क्रमांक असतो, यूटीआर वेगळा लिहिलेला असतो. घाईत हाच चुकीचा क्रमांक भरला जातो आणि समोरच्या बँकेला व्यवहार सापडत नाही. पाच वेळा पैसे गेले असतील तर पाचही व्यवहार वेगवेगळे भरा, प्रत्येकाची तारीख, वेळ आणि रक्कम घालून. एकूण रक्कम एकाच ओळीत टाकली तर उरलेले चार व्यवहार कुणी शोधत नाही. घटनेच्या वर्णनाला किमान २०० अक्षरं लागतात आणि त्यात विशेष चिन्हं चालत नाहीत. फॉर्म पुढे सरकत नसेल तर आधी तिथेच बघा.

लग्नपत्रिका किंवा ई-चलनाच्या नावाने आलेली एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) उघडली असेल तर त्या फोनचं इंटरनेट बंद करा, पण फोन रिसेट करू नका. पुरावा त्यातच आहे. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेटबँकिंग आणि कार्ड बंद करून घ्या. ओटीपीचे कॉल दुसरीकडे वळवले असण्याची शंका असेल तर ##००२# डायल करा, सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं. व्हॉट्सॲपचं चॅट लगेच एक्सपोर्ट करा, कारण समोरचा त्याचे मेसेज ‘सगळ्यांसाठी’ पुसू शकतो.

बँकेकडे तक्रार वेगळी करायची आणि तिचा क्रमांक, वेळ टिपून ठेवायची. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, चूक तुमची नाही, बँकेचीही नाही आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर भार शून्य. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेचं. ती नोंदलेली वेळ इथे कामाला येते.

आता लोक सगळ्यात जास्त अडकतात ते ठिकाण. १९३० चा पोचक्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे. ‘रक्कम होल्ड केली’, म्हणजे समोरच्या खात्यात गोठवली, असा मेसेज आला की घरात हुश्श होतं आणि पुढे कुणी हालचालच करत नाही. पोचक्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात जा. नवी मुंबई-ठाण्यात हद्द अशी: दिघा, ऐरोलीपासून पनवेल, उरणपर्यंत नवी मुंबई पोलीस आयुक्तालय. विटावा, कळव्यापासून पुढे ठाणे आयुक्तालय. ‘आमची हद्द नाही’ असं कुणी म्हटलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न बघता, गुन्हा नोंदवून घ्यायला सांगा. तुमचा तो हक्क आहे.

तपास अधिकाऱ्यांना एकच नेमका प्रश्न विचारा: कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यात किती रक्कम होल्डवर आहे? ही यादी हाती आली की त्याच संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे रक्कम परत मिळण्यासाठी अर्ज करता येतो. सोबत पोचक्रमांक, एफआयआरची प्रत, खातेउतारा आणि ओळखपत्र जोडा. न्यायालयाचा आदेश झाला की त्याची प्रत होल्ड असलेल्या प्रत्येक बँकेला पोचली का, याचा पाठपुरावा तुम्हीच करा. रक्कम तीन बँकांत विखुरली असेल तर एका बँकेकडून पैसे आले म्हणून थांबू नका.

या काळात ‘फी भरा, अडकलेले पैसे सोडवून देतो’ असे फोन हमखास येतात. पोलीस किंवा बँक यासाठी फी मागत नाहीत. तो नंबरही तपास अधिकाऱ्यांना द्या.