पाच किलोमीटरच्या रेससाठी नऊ दिवस

सकाळी उठल्यावर माझ्या नाडीचे ठोके मिनिटाला ४४ असतात. सहा वर्षं ब्रेव्हे करतेय, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत, अशा मुदती पाळून हृदय तयार झालंय. एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून कमी वेळा धडधडतं.

ब्रेव्हेत क्रमांक नसतो. मुदतीत पोहोचलात की झालं. बेचाळिसाव्या वर्षी मला एकदा तरी क्रमांक हवा होता, म्हणून खारघरला बंद रस्त्यावर होणाऱ्या ५ किलोमीटरच्या सायकल रेसचा फॉर्म भरला. दहा मिनिटांत भरून झाला. शेवटची अट होती डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट.

ठाण्यात घराजवळच्या क्लिनिकमध्ये गेले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पुन्हा पाहिली आणि कार्डिओग्राम काढून आणायला सांगितलं. कागदावर मशीननेच छापलं होतं: सायनस ब्रॅडिकार्डिया, ॲबनॉर्मल. साठच्या खाली ठोके गेले की मशीन सहसा ब्रॅडिकार्डिया, म्हणजे मंद नाडी, असं छापतं. समोर बसलेल्या माणसाने रात्रभर सायकल चालवलीय का, हे त्याला कुठून कळणार? पण डॉक्टरांनी तरी विचारायला हवं होतं. चक्कर येते का, कधी शुद्ध हरपली होती का, घरात कुणाला हृदयाचा त्रास आहे का, यातलं काहीच विचारलं नाही. "या वयात रेस कशाला, मॅडम?" एवढं मात्र विचारलं. सही नाही म्हणाले. हृदयरोगतज्ज्ञांकडे जा.

सही न करणं मी समजू शकते, जबाबदारी असते. तो प्रश्न मात्र अजून डोक्यातून गेलेला नाही.

तज्ज्ञांची अपॉइंटमेंट बारा दिवसांनी होती आणि फॉर्म दहाव्या दिवशी बंद होणार होता. मी रिसेप्शनवर आवाज चढवला, त्याचा काही उपयोग झाला नाही. तीन दिवस इकडेतिकडे फोन करण्यात गेले. शेवटी एका मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत सकाळी साडेसातला जाऊन नंबर लावला आणि साडेअकराला आत गेले. (तुम्ही जाल तेव्हा डबा घेऊन जा.) तिथे टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगितला आणि स्ट्रेस टेस्ट. इको त्याच दिवशी झाला, स्ट्रेस टेस्टसाठी आणखी पाच दिवस थांबवलं.

त्या चाचणीत ट्रेडमिलचा वेग आणि चढ दर तीन मिनिटांनी वाढवतात. २२० वजा वय, त्याचे ८५ टक्के, म्हणजे माझ्यासाठी १५१ ठोके गाठायचे होते. सहाव्या मिनिटाला मी ११० वर होते. टेक्निशियन ताई म्हणाली, "थकलात तर सांगा हं." अकराव्या मिनिटाला १५१ झाले. तेव्हा मला खूप अभिमान वाटला, तो लपवत नाही.

तज्ज्ञ बाईंनी रिपोर्ट पाहून दोन मिनिटांत सही केली. खेळाडूंच्या कार्डिओग्रामसाठी २०१७ साली आलेले आंतरराष्ट्रीय निकष त्यांना माहीत होते. त्यांत लक्षणं नसलेल्या, नियमित सराव करणाऱ्या खेळाडूचे ३० पर्यंतचे ठोकेही सामान्य धरतात. "हा कागद जपून ठेवा, पुढच्या वेळी दाखवायला," म्हणाल्या. तुम्हीही तब्येत ठणठणीत असताना एक कार्डिओग्राम काढून फाईलला लावा. मनगटावरच्या घड्याळातले ठोक्यांचे आकडे कुणी बघत नाही. पण चक्कर येत असेल किंवा भोवळ येऊन पडला असाल, तर मंद नाडीला सरावाचं कौतुक समजू नका, आधी दाखवा.

सर्टिफिकेटवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा, हे मी विसरले होते. त्यासाठी पुन्हा एक चक्कर झाली.

रेस साडेआठ मिनिटांत संपली. अकरा जणींत सातवी आले. पाम बीच रोडवर महिनाभर पहाटे पंधरा-पंधरा सेकंद जीव तोडून पेडल मारायचा सराव केला होता, तरी शेवटच्या ३०० मीटरमध्ये बाकीच्या ज्या झटक्याने उठल्या, तो झटका माझ्या पायांत नव्हता. लांब पल्ल्याचा सायकलस्वार असाल तर शेवटच्या स्प्रिंटची वाट पाहू नका. दीड किलोमीटर आधीच वेग वाढवून बाकीच्यांना दमवा. मी ते केलं नाही. वॉर्म-अपही कमी पडला. ब्रेव्हेत पहिले वीस किलोमीटर हाच वॉर्म-अप असतो. इथे आधी अर्धा तास, त्यात तीन-चार जोरदार स्प्रिंट मारून, पाय तापवूनच रेषेवर उभं राहायचं.

माझे ठोके त्या दिवशी १८१ पर्यंत गेले. घरी आल्यावर सातव्या क्रमांकाचा तो कागद ब्रेव्हे कार्डांच्या डब्यात ठेवला.

आणखी एक. सायकल तपासणीत एरोबार (पुढे झुकून हात टेकायला हँडलबारवर लावलेले दांडे) काढायला लावतात आणि हँडलबारच्या टोकांना बुचं लागतात. पाच नंबरची ॲलन की खिशात ठेवा. बिब (अंगावर लावायचा रेसचा नंबर) घेताना सर्टिफिकेटची मूळ प्रत कुणी मागितली नाही, पण ती न्याच.