टेअर अंदाजे २,३५०

मेलबर्नच्या उत्तरेकडचा कॅम्पबेलफिल्ड, सोमर्टनचा पट्टा म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची घरं, बांधणाऱ्यांचं आगर. माझं काम त्यांच्याच अंगणात चालतं, पण पैसे गिऱ्हाईक देतं. ऑर्डर देऊन बांधून घेतलेली कॅरॅव्हॅन ताब्यात घेण्याआधी ती तपासायची, तोलायची आणि लेखी अहवाल द्यायचा. हा अहवाल शेवटचा हप्ता भरण्याआधी हातात असेल तरच उपयोगाचा. पैसे पोचले की त्याच कागदाची नुसती तक्रार होते, आणि तक्रारीला इथे रांग मोठी आहे.

हे प्रकरण एका निवृत्त मराठी जोडप्याचं. वर्षभर देश पालथा घालायचा म्हणून त्यांनी २० फूट ६ इंचांची, दोन ॲक्सलची कॅरॅव्हॅन बांधून घेतली होती. करारावर लिहिलं होतं: टेअर अंदाजे २,३५० किलो, एटीएम २,९५० किलो. टेअर म्हणजे पाण्याच्या टाक्या आणि गॅस न भरता, सामान न ठेवता असलेलं रिकामं वजन. एटीएम म्हणजे सगळं भरून, ओढणाऱ्या गाडीपासून सोडवून उभी केल्यावर कायद्याने चालणारं जास्तीत जास्त वजन. दोन्हींतला फरक ६०० किलो, तो सामानाचा. दोन माणसांच्या संसाराला हे ऐसपैस झालं. काकांनी नेमका हाच हिशेब मांडून सही केली होती आणि त्यांची वजाबाकी चोख होती.

विक्रेत्याच्या यार्डात पोचल्यावर आधी कागद आणि वजनांचे आकडे असलेली प्लेट बघतो. २०२१ पासून नव्या कायद्याखाली ४.५ टनांपर्यंतचा प्रत्येक नवा ट्रेलर केंद्रीय नोंदवहीत, म्हणजे रॅव्हवर, चढल्याशिवाय विकता येत नाही. व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक, टाकला की ती नोंद कोणालाही इंटरनेटवर दिसते. नोंद होती. पुढच्या बूटातल्या प्लेटवर मात्र टेअर २,४९० निघाला. करारापेक्षा १४० किलो जास्त.

सेल्समन पंचविशीतला, बोलायला गोड. त्याचं म्हणणं, करारात ‘अंदाजे’ लिहिलंय आणि बांधणीत इतका फरक पडतोच. थोडाफार पडतो हे खरं. पण हे १४० किलो कुठून आले ते ऑर्डरच्या पुरवण्या वाचल्यावर लख्ख दिसत होतं. मूळ मॉडेलला ४ इंची चॅसिस आणि पट्ट्यांची स्प्रिंग होती. ‘कच्च्या रस्त्यावर जाणार असाल तर’ म्हणून ६ इंची चॅसिस आणि प्रत्येक चाकाला वेगळं सस्पेन्शन घातलं. खालच्या भागाला जाड चेकर प्लेट लावली, पाण्याची दुसरी टाकी बसवली. प्रत्येक वस्तूपुढे किंमत सेंटपर्यंत छापलेली होती. वजनाचा रकानाच नव्हता. करारावरचा २,३५० हा आकडा माहितीपत्रकातल्या मूळ मॉडेलचा होता, तो एकदाही बदलला गेला नव्हता.

मग तोलायला घेतली. माझे काटे सपाट असतात, प्रत्येक चाकाखाली एक आणि पुढच्या कपलिंगखाली, म्हणजे गाडीला जोडायच्या टोकाखाली, एक. जमीन काँक्रीटची आणि सपाट हवी. दोन ॲक्सल असले की चारही चाकं एकाच वेळी काट्यावर हवीत. एकेक चाक वेगळं तोललं तर जे उंचावलंय त्याच्यावर जास्त भार येतो आणि आकडा खोटा येतो. डाव्या बाजूला ६३३ आणि ६२५, उजव्या बाजूला ५६१ आणि ५५३, कपलिंगवर २६८. बेरीज २,६४०.

प्लेटपेक्षाही १५० किलो जास्त! याचं कारण या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे, गिऱ्हाईक सोडून. कारखाना कॅरॅव्हॅन तोलून प्लेट लावतो, मग ती विक्रेत्याकडे येते आणि विक्रेता आपल्या यार्डात आणखी वस्तू बसवतो. त्यांचं वजन प्लेटवर येत नाही. इथे ड्रॉबारवर, म्हणजे पुढच्या ओढदांड्यावर, लोखंडी टूलबॉक्स होता, ४८ किलो. मागच्या बंपरवर दुसरं स्पेअर चाक, कंसासकट ३४. भिंतीवरचं छोटं वॉशिंग मशीन २२, दुसरी लिथियम बॅटरी २३, जास्तीचं सोलर पॅनेल १२. उरलेले ११ किलो वायरी, कंस आणि बोल्टांचे. वॉशिंग मशीन आणि चाक तर ‘शोची खास ऑफर’ म्हणून फुकट दिलेलं. प्रदर्शनातल्या फुकट वस्तूची किंमत अशी किलोमध्ये वसूल होते.

आता ६०० चे उरले ३१०. दोन्ही टाक्या मिळून १९० लिटर, म्हणजे १९० किलो पाणी. नऊ-नऊ किलोच्या दोन बाटल्यांतला गॅस १८. राहिले १०२ किलो. त्यात गाद्या-पांघरुणं, भांडी, धान्य, कपडे, खुर्च्या, पाण्याच्या नळ्या, पाचरी, हत्यारं, शिवाय संडासाच्या कॅसेटमध्ये जमेल ते. काकूंनी आकडा ऐकला आणि म्हणाल्या, “अहो, नुसती माझी मसाल्यांची पेटी आणि कुकर धरला तरी दहा किलो होतील.” अतिशयोक्ती नव्हती.

टाक्या भरून पुन्हा तोलली. एकूण २,८३०, कपलिंगवर २६२. एक टाकी ॲक्सलच्या पुढे आणि एक मागे असल्यामुळे कपलिंगवरचं वजन फारसं हललं नाही. ही बांधणाऱ्याने केलेली चांगली गोष्ट, म्हणून अहवालात तशी नोंद केली. दोन्ही टाक्या मागे असतात तेव्हा पाणी भरताच कपलिंग हलकं होतं आणि मागचा भाग महामार्गावर शेपटीसारखा डोलायला लागतो. कपलिंगवर एकूण वजनाच्या साधारण १० टक्के असावेत असा इथला दंडक आहे. तो कायदा नाही, पण तो मोडून सुखी झालेलं कोणी पाहिलं नाही.

सेल्समनने लगेच उपाय काढला. एटीएम ३,३०० करून देतो, नवी प्लेट लावायला दहा मिनिटं. वर, “तुमची गाडी ३,५०० ओढते, मग अडचण काय?”

हे वाक्य प्रत्येक यार्डात ऐकू येतं आणि अर्धवट खरं असल्यामुळेच ते खपतं. एटीएम वाढवता येतं, पण बांधणाऱ्याने, राज्यातल्या नोंदणीआधी, सुट्या भागांच्या क्षमतेचं गणित लेखी मांडून. यार्डात रिव्हेट ठोकून नाही. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच. मी खाली शिरून भागांवरचे आकडे उतरवले. कपलिंग ३,५०० किलोचं. टायरचा लोड इंडेक्स ११२, म्हणजे प्रत्येकी १,१२०. ॲक्सल आणि सस्पेन्शन मिळून ३,२००, आणि कपलिंगवरचा भार त्यांच्यावर येत नाही. म्हणजे कॅरॅव्हॅनला वाव होता. अडचण गाडीची होती.

काकांच्या डिझेल एसयूव्हीची ओढण्याची क्षमता ३,५०० खरीच. पण गाडीचं स्वतःचं कमाल वजन, जीव्हीएम, २,८००. कपलिंगवरचं वजन गाडीच्या अंगावर पडतं आणि जीव्हीएममध्ये धरलं जातं. हे सेल्समन सहसा सांगत नाही. रिकामी गाडी २,१७५. काका-काकू मिळून १५०, बुलबार ५५, टोबार आणि हिच (गाडीमागचा ओढायचा दांडा आणि त्याचा जोड) ३५, मागचा फ्रिज आणि त्याची बॅटरी ४५. काट्यावर नेमकी २,४६० आली. कॅरॅव्हॅन ३,३०० भरली तर कपलिंगवर ३३० येणार, म्हणजे गाडी २,७९०. शिल्लक १० किलो. वाटेत एक पाव आणि दोन पाण्याच्या बाटल्या घेतल्या की संपलं.

त्याहून वाईट गोष्ट मागच्या ॲक्सलची. हिच मागच्या चाकांच्या बरीच मागे असते, त्यामुळे ती तरफेसारखी वागते. त्या दिवशी २६२ किलोचं कपलिंग टेकवल्यावर मागचा ॲक्सल १,२५० वरून १,६१७ वर गेला आणि पुढचा १,२१० वरून १,१०५ वर उतरला. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही ढिले पडतात. वजन वाटून देणारे दांडे लावून काही भार पुढे ढकलता येतो, पण त्याने जीव्हीएमचा आकडा काही बदलत नाही. आकडे समोर बघून सेल्समन गप्प झाला. त्याला त्याचा मॅनेजर असलं काही शिकवत नाही. त्याला महिन्याचं टार्गेट शिकवतात.

वजनाखेरीज दोन गोष्टी निघाल्या. पहिली गंभीर. लिथियम बॅटऱ्या डाव्या बाकाखाली, राहण्याच्या जागेतच बसवलेल्या होत्या. विद्युत मानक ३००१.२ च्या २०२२ च्या आवृत्तीप्रमाणे लिथियम बॅटरीची पेटी राहण्याच्या जागेपासून हवाबंद हवी आणि तिचा श्वास बाहेर सुटला पाहिजे. कारखान्याने एक बॅटरी नीट बाहेरच्या कप्प्यात बसवली होती, पण दुसरी यार्डात वाढवल्यावर दोन्ही आत आणल्या. डावी बाजू उजवीपेक्षा १४४ किलोंनी जड होती, त्याला स्वयंपाकघराबरोबर ही जागाही कारण होती.

दुसरी, गळती. छताला आणि पुढच्या खिडकीला होसपाइपने हलक्या दाबाने वीस मिनिटं पाणी मारायचं आणि आतून ओलावामापक फिरवायचा, एवढीच युक्ती. जोराचा फवारा मारू नये. पावसात जे शिरणार नाही तेही तो आत ढकलतो. ऑनिंगच्या, म्हणजे दाराबाहेर उघडायच्या छपराच्या, रुळाखाली, दाराच्या वरच्या कोपऱ्यात, प्लायवर मापक २६ टक्क्यांवर गेला; बाकी सगळीकडे १२-१३ होता. रूळ सोडवला तेव्हा एका स्क्रूच्या भोकात मॅस्टिकच, म्हणजे पाणी अडवणारी लांबीच, नव्हती. सोलर पॅनेलची वायर घालताना रूळ उचलला असणार आणि परत लावताना एक भोक कोरडं राहिलं. बाहेरून सिलिकॉनची सुबक रेघ ओढलेली. सिलिकॉन बाहेर आणि आत काही नाही, हे पुढे दोन वर्षांनी भिंत फुगवतं.

बाकी चांगलं होतं. ब्रेक चारही चाकांना, २,००० किलोंवरच्या ट्रेलरला लागतो तो ब्रेकअवे स्विच (गाडीपासून सुटली तर आपोआप ब्रेक लावणारा) पिन ओढताच लागला आणि पंधरा मिनिटं धरून राहिला. साखळ्या दोन, दोन्ही शिक्का मारलेल्या. चॅसिसखालून जाणारी गॅसची नळी कुठे घासत नव्हती. गॅस हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत जाळी लागते. ती उघडी होती. पुष्कळ नव्या कॅरॅव्हॅनमध्ये गालिचाने झाकलेली सापडते.

मग वाटाघाट. अशा वेळी आवाज चढवून काही मिळत नाही. काकांचे ४० टक्के पैसे अजून खिशात होते, तेवढं पुरेसं होतं. त्यांना एकच सांगितलं: आज सही नाही, फोनवर कबुली नाही, जे ठरेल ते ईमेलवर. ऑस्ट्रेलियन ग्राहक कायद्याप्रमाणे वस्तू वर्णनाशी जुळली पाहिजे, आणि करारात ‘अंदाजे’ लिहिलं म्हणून ही हमी कोणी काढून घेऊ शकत नाही. दोष मोठा असेल तर पैसे परत की दुसरी वस्तू, हे गिऱ्हाइकाने निवडायचं. मॅनेजर बाहेर आला, आणि त्याला हा कायदा सेल्समनपेक्षा बराच पाठ होता.

ठरलं ते असं. लोखंडी टूलबॉक्स काढून २२ किलोचा ॲल्युमिनियमचा बसवायचा. दुसरं स्पेअर चाक काढून त्याचे पैसे वजा करायचे. बॅटऱ्या उजव्या बाजूला, बाहेर श्वास असलेल्या हवाबंद पेटीत हलवायच्या आणि नवं विद्युत प्रमाणपत्र द्यायचं. पूर्ण रूळ सोडवून नव्याने मॅस्टिक भरायचं. एटीएम बांधणाऱ्याने लेखी गणितासह ३,१०० करायचं, ३,३०० नाही. वॉशिंग मशीनही काढावं असं काकांच्या मनात होतं, पण काकूंनी विषयच संपवला: “चाक काढा, बॉक्स काढा, मशीनला हात लावायचा नाही.”

पुन्हा तोलली तेव्हा २,५८६ आली. कपलिंगवर २६६, पुढचा बॉक्स हलका झाला तसं मागचं चाकही गेलं, त्यामुळे तोल होता तिथेच राहिला. डावी बाजू १,१९६, उजवी १,१२४. सामानाला ५१४, पाणी आणि गॅस वजा जाता ३०६. कपलिंगवर ३०० धरले तरी गाडी २,७६०, आणि गाडी-कॅरॅव्हॅन मिळून ५,५६०. गाडीची जोडवजनाची मर्यादा ५,९०० होती. कोपऱ्यातला ओलावा १४ वर आला. रॅव्हवरची नोंद आणि नवी प्लेट जुळते का ते पाहिलं, आणि मग काकांनी तिथेच उभ्याने उरलेले पैसे पाठवले.

ऑर्डर अजून द्यायची असेल तर विक्रेत्याकडून करारात हे लिहून घ्यावं: “सर्व जोडवस्तू बसवून टेअर इतका, तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक नाही, शेवटच्या हप्त्याआधी प्रमाणित वजनकाट्याची पावती.” नाही म्हणाला तर प्रत्येक जोडवस्तूचं वजन तरी लिहून मागावं. ज्याला आपल्या मालाचं वजन सांगता येत नाही त्याने ते कधी तोललेलंच नसतं.

निघताना काकांना चाकांचे नट ५० किलोमीटरवर आणि पुन्हा १०० वर टॉर्क रेंचने आवळायला सांगितले. नव्या रिमवरचा रंग दबतो आणि नट सैल पडतात. संसार भरून झाला की पाणी, गॅस, माणसं सगळ्यांसकट गाडी परत काट्यावर आणायची, हेही त्यांनी हँडओव्हरच्या कागदामागे लिहून घेतलं.