‘हलकं काम’ म्हणजे नेमकं किती?

हार्ट अटॅक आला तेव्हा मी ४३ वर्षांची होते. ना बीपी, ना शुगर. जबडा दुखत होता, पाठ भरून आली होती, मळमळत होतं. ॲसिडिटी असेल म्हणून मी दुपारपर्यंत अंगावर काढलं. अँजिओग्राफीत कळलं की चरबीचा ब्लॉकेज नव्हताच, हृदयाच्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर आपोआप फाटलं होतं. याला स्कॅड म्हणतात आणि तो होणाऱ्यांत बहुतेक बायकाच असतात. स्टेंट घातला नाही. ही चीर बऱ्याचदा औषधांवर आपली आपण भरून येते, माझीही आली.

तीन महिन्यांनी शाळेत रुजू झाले. फिटनेस सर्टिफिकेटवर दोनच शब्द होते, ‘हलकं काम’. त्यांचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या परीने लावला. तास होते तेवढेच राहिले, स्नेहसंमेलनाची जबाबदारी मात्र काढून घेतली. नेमकी तीच माझ्या आवडीची!

चौथ्या दिवशी चाळीस वह्या घेऊन दुसऱ्या मजल्यावर निघाले. अर्ध्या जिन्यात पाय शिशासारखे झाले. हृदयाचे ठोके आटोक्यात ठेवणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांमुळे नाडी हवी तेवढी वाढत नाही, हे रिहॅबमध्ये, म्हणजे हार्ट अटॅकनंतरच्या देखरेखीखालच्या व्यायामवर्गात, शिकले होते, पण त्या क्षणी मनात एकच आलं: परत तेच का? कठडा धरून उभी राहिले. सातवीतल्या एका मुलीने काही न विचारता वह्या माझ्या हातातून घेतल्या.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले आणि म्हटलं, “आकड्यांत लिहून द्या.” त्यांनी दिलं: पहिले दोन आठवडे रोज ३ तास, मग दर आठवड्याला एक तास वाढवायचा. वर्ग तळमजल्यावर. बसून शिकवायची मुभा. वजन उचलायचं नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी कागद दोनदा वाचला. “अहो, हे आधीच सांगायचं ना!” म्हणाल्या आणि वेळापत्रक तिथेच बदललं. मला रडू आलं.

कामावर परतणाऱ्या प्रत्येकीने असा कागद मागून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. आपण वरून ठणठणीत दिसतो. दुपारी तीनला येणारा थकवा कुणाला दिसत नाही, आणि रोज उठून तो सांगत बसणं त्याहून थकवणारं असतं. रिहॅबची एक खूणही मला रोज उपयोगी पडते: चालताना बोलता येतंय तोवर ठीक, वाक्य तुटायला लागलं की थांबायचं.

आता पूर्ण वेळ शिकवते. दुसऱ्या मजल्यावरचा वर्गही परत मिळालाय. वह्या मुलंच वर आणतात.